बाबागाडी आधी मिटवून बघावी

पोरी, बाळाला घेऊन लोकल, बस, मेट्रोने फिरायचं ठरवलंस, फार बरं केलंस. आता बाबागाडी घ्यायला निघशील, तेव्हा दुकानदार ती उघडून दाखवेल, गुळगुळीत फरशीवर एका बोटाने गोल फिरवून दाखवेल. तू त्याला एवढंच म्हण, "दादा, आधी मिटवून दाखवा." ज्यांच्या दारात मोटार उभी आहे त्यांनी उघडी गाडी बघून खुशाल भुलावं. आपल्याला पूल चढायचे असतात, बसच्या पायऱ्या गाठायच्या असतात. आपल्या प्रवासात कितीतरी वेळ बाळ कडेवर असतं आणि गाडी हातात. म्हणून मिटलेली गाडी कशी आहे त्यावर निवड करायची. रंग, खिसे, कप ठेवायची जागा हे सगळं नंतर.

दुकानातली परीक्षा

बाळाच्या बाबाला बरोबर ने, पण गाडी मिटवताना त्याला हात लावू देऊ नकोस. स्टेशनात तो रोज सोबत नसणार. बाळ घरी ठेवून गेली असशील तर पाच किलो तांदळाची पिशवी ने आणि ती डाव्या कडेवर घे. खांद्याला नेहमीची पर्स आणि दुपट्यांची पिशवी अडकव. आता उजव्या हाताने गाडी मिटव, उचल, दुकानाची पायरी उतर, पुन्हा वर ये आणि उघड. दुसरा हात लागला, खाली वाकावं लागलं किंवा पायाने खिट्टी दाबताना तोल गेला, तर ती गाडी कितीही देखणी असो, आपल्या कामाची नाही.

मिटल्यावर ती आपोआप लॉक झाली पाहिजे. पुलावर चढताना मध्येच उघडली तर तुझाही पाय अडकेल आणि मागच्याचाही. ती आधाराशिवाय उभी राहते का आणि खांद्याला अडकवायला पट्टा आहे का, तेही बघ.

वजन आणि घडी

सहा महिन्यांचं बाळ साधारण सात-साडेसात किलोचं असतं. त्यात सात किलोची गाडी आणि वर पिशवी, म्हणजे पंधरा किलोंच्या पुढे ओझं गेलं. तेही बाळंतपणातून नुकत्याच सावरलेल्या कमरेवर. म्हणून सात किलोंच्या वर जाऊच नकोस. सहाच्या आसपास मिळाली तर उत्तम. खोक्यावरच्या आकड्यावर न विसंबता स्वतः उचलून बघ.

हलक्या गाड्यांच्या घड्या दोन तऱ्हेच्या असतात. एक छत्रीसारखी, लांब दांडक्यात मिटणारी. ती काढली ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश अभियंत्याने, 1965 साली. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेला हा माणूस. लेक परदेशातून आली, तिच्या जड गाडीची ओढाताण त्याने पाहिली आणि अ‍ॅल्युमिनियमची जेमतेम पावणेतीन किलोंची गाडी बनवली. नातवंडाच्या काळजीतून निघालेली ही वस्तू पुढे जगभर गेली. दुसरी तऱ्हा अलीकडची, तीन घड्यांची. ती मिटली की साधारण दोन वीत लांब आणि त्याहून थोडी कमी रुंद अशी चौकोनी होते.

लोकलसाठी माझं मत तीन घड्यांच्या गाडीला. छत्रीवाली हलकी खरी, पण मिटल्यावर मीटरभर लांब राहते. दाराशी उभी केली की कुणाच्या तरी पायावर पडते आणि चढणाऱ्या बायकांची बोलणी तुला खावी लागतात. चौकोनी घडी बाकाखाली सरकते, वरच्या रॅकवरही बसते. रॅकवर ठेवलीस तर आतपर्यंत ढकल आणि तिचा पट्टा दांड्याला गुंडाळ. खाली कुणाचं तरी डोकं असतं.

मान धरेपर्यंत थांब

पहिले महिने बाळाला पाठीवर सपाट निजवायचं असतं. पाठ पूर्ण आडवी न होणाऱ्या गाडीत एवढ्या लहान जिवाला बसवलं की मान पुढे लोंबते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. बऱ्याच लहान घडीच्या गाड्या सहा महिन्यांपासून पुढच्याच बाळांसाठी असतात. खोक्यावर काय वय लिहिलंय ते वाचून घे.

तोवर बाळ अंगावर बांधून ने. मऊ सुती कापडाची झोळी असो की विकतचं कॅरिअर, नियम तेच. बाळ घट्ट बांधलेलं हवं. त्याचं तोंड तुला सतत दिसावं. मान खाली घातलीस की त्याच्या टाळूचा पापा घेता यावा, इतकं ते वर असावं. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये बोटभर जागा राहावी. पाठीला आधार आणि गुडघे ढुंगणापेक्षा वर असावेत. गाडी आली तरी हे कॅरिअर टाकून देऊ नकोस, घडी करून पिशवीत ठेव. गाडी मिटवायची वेळ आली की बाळ त्यात आणि तुझे दोन्ही हात मोकळे.

पट्टे, ब्रेक, सांधे

दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक पायांमधून, असे पाचही पट्टे हवेत. नुसता कमरेचा पट्टा असला की बाळ खाली घसरतं. ब्रेकची एकच दांडी दाबून मागची दोन्ही चाकं अडली पाहिजेत. गाडीत तांदळाची पिशवी ठेव, दुकानाच्या उतारावर ब्रेक लाव आणि हलकेच ढकलून बघ.

सांध्यांवर झाकण आहे की नाही ते बोट फिरवून तपास. अमेरिकेत सांध्यात सापडून लहान मुलांची बोटं तुटली, म्हणून 2009 साली तिथे सुमारे दहा लाख गाड्यांसाठी सांध्यांवर घालायची झाकणं द्यावी लागली. त्यामुळे गाडी उघडताना आणि मिटवताना बाळ कडेवर किंवा कॅरिअरमध्येच असावं, आसपास रांगत नसावं. जाऊबाईंची किंवा शेजारची जुनी गाडी मिळत असेल तर आनंदाने घे, पण पट्टे, ब्रेक, सांधे आणि लॉक या चार गोष्टी तपासूनच.

फलाट, बस, मेट्रो

फलाट सपाट दिसतो, पण पाणी वाहून जायला त्याला उतार ठेवलेला असतो. गाडीचं तोंड रुळांकडे कधीच करू नकोस. रुळांना समांतर उभी कर, ब्रेक लाव आणि दांड्याचा फास मनगटात घाल. फोन आला तरी हात सोडायचा नाही.

लोकल येण्याआधीच गाडी मिटलेली आणि बाळ अंगावर असायला हवं. लोकल थांबते ती काही सेकंद, त्यात गाडी मिटवत बसायला वेळ नसतो. शिवाय फलाट आणि डबा यांच्यातली फट लहान चाकाला गिळायला पुरेशी असते. सकाळी चर्चगेट किंवा सीएसएमटीकडे जाणाऱ्या गर्दीच्या लोकलमध्ये बाळाला घेऊन चढूच नकोस. अकरानंतर निघ, चारच्या आत परत फीर. लेडीज डब्यात शिरलीस की "कुठे उतरणार?" विचारायला लाजू नकोस. कडेवर बाळ दिसलं की बायका सरकून जागा करतात, पिशवी हातात घेतात, उतरताना गाडीसुद्धा खाली देतात.

मेट्रो आपल्याला सगळ्यात सोयीची. वर्सोवा-घाटकोपर असो की आरे ते कफ परेड ही भुयारी, लिफ्टने जा आणि रुंद फाटकातून आत शीर. सरकत्या जिन्यावर बाळासकट गाडी नेऊ नकोस, लिफ्टला रांग असली तरी थांब. डब्यात व्हीलचेअरच्या जागेत उभी राहिलीस आणि व्हीलचेअरवर कुणी आलं, तर जागा त्यांची. आपली गाडी मिटते, त्यांची मिटत नाही. दार मिटत असताना चाक मध्ये घालून ते अडवू नकोस. पुढची मेट्रो येतेच.

बसच्या पायऱ्या उंच असतील तर बाळ आधी अंगावर घे आणि गाडी मिटव. "मास्तर, बाळ आहे, जरा थांबा" हे चढण्याआधी सांगायचं, चढताना नाही. गावी जाताना एसटीत गाडी तुझ्या पायाशी नको, रॅकवर किंवा डिकीत. पाच वर्षांखालच्या मुलाला एसटीत तिकीट नाही आणि बायकांना 2023 पासून अर्धं भाडं आहे. बाळाला पाजायला बऱ्याच एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष असतो. उतरल्या उतरल्या तो कुठे आहे विचार. दाराला कुलूप असेल तर चौकशीच्या खिडकीवर जाऊन उघडायला लाव.

रस्ता आणि ऋतू

लहान चाकं पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकतात. अडकली की जोर लावू नकोस, दांडा खाली दाबून पुढची चाकं उचल. फुटपाथची कड उंच असेल तर पाठमोरी हो आणि गाडी मागे ओढत चढव. दांड्याला भाजीची पिशवी अडकवू नकोस. बाळाला बाहेर काढलं की त्या वजनाने गाडी मागे कलंडते, आणि बाळ आत असतानाही कलंडू शकते. सामान सीटखालच्या जाळीत ठेव.

उन्हाळ्यात छतावर दुपटं टाकून गाडी बंद करू नकोस. आतली हवा कोंडते, भराभर तापते आणि बाळ आपल्याला दिसत नाही. पावसाळी कव्हर घेशील तर हवेला भोकं असलेलंच घे आणि आडोशाला आलीस की लगेच काढ. रस्त्यावर पाणी साचलं असेल तर गाडी त्यात घालायची नाही, खाली उघडं गटार असू शकतं. सीटचं कापड निघणारं, धुता येणारं हवं. आपल्याकडच्या पावसात ओली गाडी मिटवून कपाटात ठेवली की आठवड्यात बुरशी धरते. पंख्याखाली उघडी वाळव.

पहिली फेरी डॉक्टरच्या वेळेला ठेवू नकोस. एखाद्या रविवारी दुपारी दोन स्टेशनं जाऊन ये. कुठल्या पुलाला लिफ्ट आहे, डबा कुठे येतो, गाडी मिटवायला किती वेळ लागतो, हे त्या दिवशी घाई नसताना कळेल. आणि कुणी म्हणालं, "एवढ्या लहान बाळाला घेऊन कशाला हिंडतेस?" तर मनावर घेऊ नकोस. बाळ झालं म्हणून आईने चार भिंतींत बसावं, असं कुठेही लिहिलेलं नाही. तुला माहेर आहे, मैत्रिणी आहेत, कामं आहेत. जिना समोर आला की शेजारून जाणाऱ्याला सरळ हाक मार, "जरा हात लावता का?" मागितल्यावर आपल्या शहरात हात मिळतो, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे. हाक मारायची सवय मात्र आपली आपण लावून घ्यावी लागते.