पेढीवरील मंत्रणाकक्ष : ध्वनिरोध, यंत्रयोजना आणि वचनगुप्ती

व्यापारात मालाइतकेच शब्दालाही मोल असते. भाव, उधारीची मुदत, गिऱ्हाइकाची पत, भागीदारांतील मतभेद, नोकराच्या घरची अडचण, अशा अनेक गोष्टी पेढीवर बोलल्या जातात. आणि त्या जेथे बोलल्या गेल्या तेथेच राहाव्यात, अशी बोलणाऱ्याची अपेक्षा असते. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा करण्याची जुनी चाल याचसाठी पडली. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये रहोभ्याख्यान व साकारमंत्रभेद यांची गणना केलेली आहे. एकान्तातील गोष्ट प्रकट करणे हा पहिला अतिचार; चेहऱ्यावरून व हावभावांवरून दुसऱ्याचा आशय ताडून तो फोडणे हा दुसरा. दुसऱ्याचे गुपित सांभाळणे हा श्रावकाच्या सत्यव्रताचाच भाग आहे, हे यावरून स्पष्ट होते.

सुरतेच्या दक्षिणेकडील पांडेसरा औद्योगिक वसाहतीत ही वचनगुप्ती पाळणे सोपे नाही. एका अंगास यंत्रमाग, दुसऱ्या अंगास रंगाई-छपाईच्या गिरण्या, आणि मध्ये काचेच्या आडोशाने वेगळे केलेले कार्यालय! मागाच्या खात्यात आवाज ९० डेसिबलांच्या वर सहज जातो. अशा ठिकाणी माणूस ओरडून बोलतो, आणि ओरडून बोललेले गुपित राहत नाही. म्हणून कार्यालयात आयते आणून उभे करता येणारे ध्वनिरोधक कक्ष, ज्यांस बाजारात ‘मीटिंग पॉड’ म्हणतात, ते कोणत्या कसोटीवर घ्यावेत याचा विचार येथे करू.

आवाज कसा अडतो?

डेसिबलचे माप साध्या बेरजेचे नाही. १० डेसिबलांची वाढ म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट होणे होय. भिंत जितकी वजनदार तितका आवाज अधिक अडतो. वजन दुप्पट केल्यास सुमारे ५ ते ६ डेसिबलांचा लाभ होतो. परंतु भिंतीच्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या भागाइतकी जरी फट राहिली, तरी कितीही जाड भिंत २० डेसिबलांपलीकडे फारशी उपयोगी पडत नाही. म्हणून प्रथम दाराची रबरी पट्टी तपासावी. आतील जाड नमदा केवळ प्रतिध्वनी शोषतो, आवाज बाहेर जाण्यापासून अडवीत नाही. विक्रेते या दोन गुणांची गल्लत करतात, तिकडे लक्ष असावे.

अशा कक्षांचे मोजमाप करण्यासाठी २०२० साली आय.एस.ओ. २३३५१-१ हे आंतरराष्ट्रीय मानक निघाले. आत बोललेला आवाज बाहेर किती डेसिबलांनी कमी होतो, यावरून त्यात वर्ग ठरतात. २५ ते ३० डेसिबल घट असल्यास ‘बी’, ३० ते ३३ असल्यास ‘ए’ आणि त्याहून अधिक असल्यास ‘ए प्लस’. साधे संभाषण एका मीटरवर सुमारे ६० डेसिबल असते. ‘ए’ वर्गाच्या कक्षाबाहेर त्याचे ३० डेसिबल उरतात आणि कार्यालयाच्या नेहमीच्या गलबल्यात ते बुडून जातात. मात्र मागांची धडधड जमिनीतून येते. तिच्यासाठी कक्षाखाली रबरी बैठका हव्यात, आणि कक्ष मागाच्या भिंतीपासून दूर असावा.

हवा आणि यंत्रे

आवाज बंद केला की हवाही बंद होते. चौघांच्या कक्षात सुमारे ९ घनमीटर हवा असते. बसून बोलणारा मनुष्य तासाला सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो; चौघांचे ७२ लिटर झाले. या हिशेबाने दहा लाख भागांत १००० ही मर्यादा अवघ्या पाच मिनिटांत ओलांडली जाते, आणि एका सामायिकाइतक्या, म्हणजे ४८ मिनिटांच्या बैठकीअखेर आकडा ६००० च्या पुढे जातो. डोके जड झालेला मनुष्य सौदा तरी काय नीट करणार? म्हणून माणशी तासाला ३६ घनमीटर ताजी हवा देणारा पंखा असावा, आणि तो कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या संवेदकाशी जोडलेला असावा. हीच खरी उपयुक्त यंत्रयोजना होय.

दिवा व पंखा आपोआप चालविण्यास साधा उष्णता-संवेदक बसविला, तर स्थिर बसलेल्या माणसांवर अंधार पडतो. रडारवर चालणारा संवेदक सूक्ष्म हालचालही ओळखतो. दारावरील पटलावर वेळ राखून ठेवण्याची सोय उत्तम. परंतु त्यावर ‘व्यस्त’ एवढेच दिसावे. अमक्या गिरणीशी भावाची बोलणी, असे तेथे झळकले तर भिंतीचा खर्च वाया गेला. काचेतून पडदा किंवा चेहरे वाचता येत असतील, तर डोळ्यांच्या उंचीवर दुधी पट्टा लावावा. हे न करणे म्हणजे साकारमंत्रभेदास स्वतःच वाट करून देणे आहे.

याहून सूक्ष्म धोका ध्वनिग्राहकाचा आहे. बैठकीचे टिपण आपोआप काढणारी यंत्रणा बोलणे दूरच्या संगणकाकडे पाठवू शकते. भिंतीबाहेर न गेलेला शब्द तारेतून गेला, तर तो बाहेरच गेला! ध्वनिग्राहकास हाताने बंद करता येणारी कळ असावी, आणि नोंद होत असल्यास सर्वांची आधी संमती घ्यावी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यातही संमती हे महत्त्वाचे तत्त्व आहे.

दोन अटळ गोष्टी

पहिली आगीची. ध्वनिरोधक कक्षात बाहेरचा भोंगा ऐकू येत नाही. २४ मे २०१९ रोजी सुरतेतच तक्षशिला संकुलाच्या आगीत २२ विद्यार्थी दगावले; या शहरास आगीविषयी अधिक सांगणे नको. भोंगा वाजताच कक्षाच्या आत दिवा लुकलुकला पाहिजे, इशारा वाजला पाहिजे. आणि विजेचे कुलूप असेल तर वीज जाताच ते उघडले पाहिजे. ही जोडणी न करणाऱ्याकडून कक्ष घेऊ नये.

दुसरी गोष्ट माणुसकीची. आठ तासांच्या पाळीस ९० डेसिबल ही आपल्याकडे मर्यादा मानली गेली आहे. मालकाने स्वतःसाठी शांतता विकत घ्यावी आणि खानदेशातून पोटासाठी आलेल्या कारागिराचे कान त्याच गोंगाटात बधिर व्हावेत, हे अहिंसेच्या उपासकास शोभणारे नाही. ज्या वर्षी कक्ष घ्याल, त्याच वर्षी मागांची देखभाल, कर्णरक्षक आणि कामगारांची श्रवणतपासणी यांचीही तरतूद अंदाजपत्रकात करा. तसेच पगाराची तक्रार वा घरचे दुःख सांगावयास आलेल्या नोकरालाही त्याच कक्षात बसवून घ्या. त्याचा शब्दही तितकाच जपण्याजोगा आहे.

भिंत, हवा, यंत्र आणि दार या चारही गोष्टी पारखून घेतल्या तरच कक्षावरील खर्च कारणी लागेल. परंतु आत ऐकलेले बाहेर न नेण्याचा संयम कोणत्याही विक्रेत्याकडे मिळत नाही. तो ज्याचा त्याने बाळगावयाचा आहे.