काळ्या जमिनीत दोन खड्ड्यांचे शौचालय

नागपूर जिल्ह्याच्या पश्चिमेस, काटोल आणि कळमेश्वरच्या बाजूला, कापसाच्या काळ्या मातीचे थर आढळतात. पिकाला उपकारक असलेली ही माती शौचालयाच्या खड्ड्याला मात्र अडचणीची ठरते. पावसाळ्यात ती फुगते आणि पाणी फारच सावकाश शोषते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. इतरत्र वर्षानुवर्षे चालणारा खड्डा येथे पहिल्याच श्रावणात तुडुंब भरतो आणि मग घरातील माणसे पुन्हा लोटा घेऊन बांधावर जाऊ लागतात.

दोष पद्धतीचा नसतो, बांधणीचा असतो. या पद्धतीत तीव्र उताराचे भांडे व त्याखाली सुमारे २० मिलिमीटर पाणी धरून ठेवणारा सापळा असतो. दीड-दोन लिटर पाण्यात मैला वाहून जातो आणि सापळ्यातील पाण्यामुळे दुर्गंधी व माश्या वर येत नाहीत. पुढे छोट्या कुंडीतून दोन खड्ड्यांकडे दोन नळ जातात. त्यांपैकी एक बंद ठेवावयाचा असतो. एक मीटर व्यासाचा आणि नळाखाली एक मीटर खोल असा खड्डा पाच माणसांच्या कुटुंबाला सुमारे तीन वर्षे पुरतो.

खड्ड्याची भिंत विटांमध्ये फटी ठेवून जाळीदार बांधावी लागते व तळ मातीचाच ठेवावा लागतो. नेमके येथेच बिघडते. काम पक्के व्हावे या सद्हेतूने गवंडी आतून सिमेंटचा गिलावा करतो. पाण्याची वाट बंद झाली की उरतो तो केवळ हौद! खोली दुप्पट करणे हाही उपाय नव्हे, कारण त्यामुळे मैला भूजलाच्या अधिक जवळ जातो.

काळ्या मातीसाठीचा उपाय साधा आहे. भिंतीबाहेर सर्व बाजूंनी ३० सेंटिमीटर जास्त खोदून त्या जागेत वाळू किंवा बारीक गिट्टी भरावी. सव्वा मीटरचे खोदकाम त्यामुळे सुमारे १.८ मीटर रुंद होते आणि पाणी शोषणारा मातीचा पृष्ठभाग जवळजवळ दीडपट वाढतो. दोन खड्ड्यांमध्ये किमान एक मीटर अंतर हवे. नाहीतर चालू खड्ड्याचे पाणी बंद खड्ड्यात झिरपते. न्हाणीचे व पागोळ्यांचे पाणी खड्ड्यात सोडू नये. विहिरीपासून १० मीटर अंतर सामान्यतः पुरते, परंतु मातीखाली भेगाळलेला काळा पाषाण असेल तर याहून दूरची जागा शोधणेच श्रेयस्कर. भेगांतून पाणी गाळले न जाता थेट वाहते.

नागपुरात १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ पासून ती ‘नीरी’ या नावाने ओळखली जाते. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैलावाहक माणसाच्या मुक्तीसाठी गोपुरी पद्धतीचा संडास प्रचारात आणला. दोन खड्ड्यांच्या पद्धतीचे मोलही येथेच आहे. एकच खड्डा भरला की ताजा मैला कोणाला तरी उपसावा लागतो, आणि ते काम कोणाच्या वाट्याला येत आले हे सर्वांना ठाऊक आहे. हाताने मैला उपसण्याच्या कामास माणूस लावणे २०१३ च्या केंद्रीय कायद्यानेही निषिद्ध आहे.

भरलेला खड्डा बंद केल्यावर दीड ते दोन वर्षांत आतील मैल्याचे कोरडे, गंधहीन खत होते. बंद केल्याची तारीख कुंडीजवळच्या भिंतीवर रंगवून ठेवावी; घरात कोणाच्या लक्षात राहत नाही. खत वैशाखात, जमीन कोरडी असताना काढावे आणि पेरणीपूर्वी शेतात मिसळावे.