हातगाडीवरील पाटी : अक्षरलेखनाचा एक समवायी पाठ

पुणे शहरातील रस्त्यांवर भेळ, वडापाव, उसाचा रस इत्यादी विकणाऱ्या हातगाड्या आपण पाहतोच. त्यांच्या पत्र्यावर पूर्वी रंगारी कुंचल्याने नावे लिहीत. छापील फ्लेक्सचा प्रसार झाल्यापासून हे काम कमी होत चालले आहे. तथापि लिहिलेले अक्षर वाचणाऱ्यापर्यंत कसे पोहोचते, हे मुलांस शिकविण्यासाठी हातगाडीच्या पाटीसारखे सोपे साधन क्वचितच सापडेल. भाषा, गणित व चित्रकला या तिन्ही विषयांचा समवाय तिच्यात साधता येतो. इयत्ता चौथी-पाचवीच्या वर्गासाठी पुढील पाठ सुचविला आहे.

जागेची आखणी

देवनागरीत मात्रा व वेलांट्या शिरोरेषेच्या वर जातात आणि उकार अक्षराखाली येतात. म्हणून अक्षरे पाटीच्या पूर्ण उंचीची काढून चालत नाही. ३० सेंटिमीटर उंचीची पाटी घ्यावी. वर व खाली ३-३ सेंटिमीटर समास सोडल्यास २४ सेंटिमीटर उरतात. त्यांचे चार समान भाग करावेत. वरचा भाग मात्रांस, मधले दोन अक्षरांस व खालचा उकारांस द्यावा. अक्षर १२ सेंटिमीटर उंचीचे होईल. अडीच सेंटिमीटर उंचीचे अक्षर सुमारे ३ मीटरवरून सुखाने वाचता येते, असा एक ढोबळ अंदाज आहे. त्या मानाने ही पाटी किती अंतरावरून वाचता येईल, हे मुलांकडून त्रैराशिकाने काढून घ्यावे. उत्तर सुमारे १४ मीटर येईल. मग पाटी मैदानावर टांगून ते प्रत्यक्ष पडताळावे.

रुंदीचे मात्र समान भाग करू नयेत. ‘र’ अरुंद आहे. ‘अ’, ‘झ’, ‘ळ’ रुंद आहेत. प्रथम खडूने सर्व शब्द हलक्या हाताने मांडून पाहावेत, म्हणजे शेवटची अक्षरे कोपऱ्यात दाटत नाहीत.

शिरोरेषेची दक्षता

‘भ’ व ‘ध’ यांची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते. ‘म’ व ‘घ’ यांची अखंड असते. घाईने एकच लांब रेघ ओढली की ‘भेळ’ची ‘मेळ’ होते व ‘भजी’ची ‘मजी’. ‘ख’चे दोन भाग दूर गेले, तर ‘खारी’ ‘रवारी’ वाचली जाते. यासाठी आधी अक्षरे रंगवावीत, शिरोरेषा शेवटी द्यावी आणि तुटकी जागा प्रत्येक वेळी तपासावी. वहीत दुर्लक्षिली जाणारी ही चूक हातभर उंचीच्या अक्षरांत मुलास आपोआप दिसते. हाच या पाठाचा मोठा लाभ होय.

शुद्धलेखन

१९६२ साली शासनमान्य झालेल्या लेखननियमांत उपान्त्य दीर्घ ई-ऊ सामान्यरूपात ऱ्हस्व होण्याचा नियम आहे. ‘ऊस’ पण ‘उसाचा रस’, ‘दूध’ पण ‘दुधाचा चहा’ ही उदाहरणे पाटीवरच घ्यावीत. ‘शुद्ध’ या शब्दात ‘द’ला ‘ध’ जोडलेला आहे, हे फोड करून दाखवावे. ‘ल’ व ‘श’ यांची दोन-दोन वळणे प्रचारात आहेत. एका पाटीवर एकच वळण ठेवावे.

प्रत्यक्ष कृती

रंगारी पत्रा प्रथम घासून त्यावरील गंज काढतो, मग रेड ऑक्साइडचा हात देतो. तो वाळल्यावर पार्श्वभूमीचा तैलरंग लावतो. सुतारासारखी खडू लावलेली दोरी ताणून तो रेघा उमटवितो व हात स्थिर राहावा म्हणून काठीवर टेकवितो. शाळेत पत्र्याऐवजी पुठ्ठा, तैलरंगाऐवजी गेरू व चुना आणि कुंचल्याऐवजी टोक ठेचलेली बांबूची काडी पुरे. गेरूच्या तांबड्या भुईवर चुन्याची पांढरी अक्षरे दुरून उठून दिसतात. अक्षराचे वळण अर्थास कसे साजेसे करता येते, हे पाहावयाचे असल्यास कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी रेखाटलेली शीर्षके मुलांस दाखवावीत.

शेवटी एक विचार. गाडीवाल्यास स्वतःस वाचता येत नसेल, तर पाटीवरील चूक त्याला कधीच कळत नाही. तो आपले नाव व धंदा दुसऱ्याच्या अक्षरावर विश्वासून टाकतो. अन्नसुरक्षा कायद्याखालील त्याचा नोंदणी क्रमांक १४ आकडी असतो; तो पाटीवर लिहिताना एक आकडा चुकला, तरी तो क्रमांक त्याचा राहत नाही. म्हणून प्रत्येक पाटी लिहून झाल्यावर ती दुसऱ्या मुलाने मोठ्याने वाचावी व मूळ मजकुराशी आकडा-अक्षर ताडून पाहावी. ज्यास वाचता येते, त्याने ज्यास येत नाही त्याच्या वतीने काळजीपूर्वक वाचणे, हेही साक्षरतेचे कर्तव्यच आहे. गावातील एखाद्या चहावाल्यास वा भाजीवाल्यास मुलांनी लिहिलेली निर्दोष पाटी देता आली, तर पाठ सफल झाला असे समजावे.