बुद्धिबळाने प्रोग्रामिंग सुधारते का?

प्रश्न : माझा मुलगा संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री जेवण झाले की मोबाइलवर बुद्धिबळ सुरू; तीन-तीन मिनिटांचे डाव, एकामागून एक. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून तर जोर आणखी वाढला आहे. काही म्हटले की उत्तर तयार : ‘बाबा, बुद्धिबळाने प्रोग्रामिंग सुधारते.’ यात तथ्य किती?
— एक वाचक, भिलाई (छत्तीसगड)

उत्तर : तथ्य आहे, पण ते तीन मिनिटांच्या डावांत सापडणार नाही.

बुद्धिबळ खेळले की डोके सगळ्याच विषयांत चालू लागते, ही समजूत आधी तपासू. इंग्लंडमध्ये शंभर शाळांत याची मोठी चाचणी झाली. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना काही शाळांत तीस आठवडे बुद्धिबळ शिकवले, बाकीच्या शाळांत नाही. वर्षभराने गणिताचे गुण पाहिले, तर दोन्हींत फरक नव्हता. हा अहवाल २०१६ चा.

असे का व्हावे? १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी खेळाडूंना काही सेकंदच पट दाखवला आणि तो आठवून मांडायला सांगितला. पट खऱ्या डावातला असेल तर मातब्बर खेळाडू नवख्यांच्या कितीतरी पुढे. मोहरी वाटेल तशी विखुरली की ती आघाडी जवळपास नाहीशी. पुढे १९८१ मध्ये असाच प्रयोग प्रोग्रामरवर झाला. नीट लिहिलेला प्रोग्राम अनुभवींना जास्त आठवला. त्याच्याच ओळी उलटसुलट केल्यावर अनुभवी आणि नवखे सारखेच. म्हणजे तयारीच्या माणसाची स्मरणशक्ती मुळात अफाट नसते, त्याच्या ओळखीच्या रचना अफाट असतात. घोडा-उंटाच्या रचना कोड वाचताना उपयोगी पडत नाहीत. कोडच्या रचना कोड वाचून-लिहूनच अंगवळणी पडतात.

मग उरते काय? अभ्यासाची रीत. दीर्घ वेळेच्या स्पर्धेत प्रत्येक चाल कागदावर लिहावी लागते आणि डाव संपल्यावर गंभीर खेळाडू ती नोंद घेऊन बसतो. वजीर विसाव्या चालीला गेला. पण तो वाचणारच नाही अशी वेळ कुठल्या चालीने आणली? कदाचित चौदाव्या. प्रोग्राममधला बग शोधतानाही हेच करायचे असते. प्रोग्राम जिथे कोसळतो, चूक तिथेच असते असे नाही. चुकीची किंमत पन्नास ओळी आधीच कुठेतरी शिरलेली असते. मागे मागे जात पहिली चूक गाठायची ही सवय पटावर लागते. मात्र त्यासाठी इंजिनचा, म्हणजे चाली सुचवणाऱ्या प्रोग्रामचा, सल्ला पाहण्याआधी स्वतः विचार करावा लागतो. एकामागून एक डाव खेळणाऱ्याला तेवढी उसंत कुठे?

खरी कमाई त्याहून पुढे आहे : बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम स्वतः लिहिण्यात. ही वाट जुनी आणि मानाची आहे. क्लॉड शॅननने १९५० मध्ये संगणकाला बुद्धिबळ कसे शिकवावे यावर निबंध लिहिला. अॅलन ट्युरिंगने १९५२ मध्ये आपला प्रोग्राम कागदावर हिशेब करत चालवून एक डाव खेळून पाहिला. युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक, केन थॉम्पसन. त्याने जो कॉन्डनबरोबर बांधलेले ‘बेल’ हे यंत्र १९८० मध्ये संगणकांच्या स्पर्धेत जगज्जेते ठरले.

यातली पहिली पायरी दिसते सोपी : नियमात बसणाऱ्या सर्व चाली काढणे. ती बरोबर जमली का, हे पाहायला ‘पर्फ्ट’ नावाची चाचणी असते. सुरुवातीच्या पटावरून पांढऱ्याच्या एका चालीचे मार्ग २०, काळ्याचे उत्तर धरून ४००, तिसऱ्या पायरीला ८,९०२, चौथ्या पायरीला १,९७,२८१ आणि पाचव्या पायरीला ४८,६५,६०९. एकाने जरी फरक पडला तरी कुठेतरी बग आहे. पण आकडे जुळले म्हणून निश्चिंत होता येत नाही. किल्लेकोट लवकरात लवकर सातव्या पायरीला होऊ शकतो. त्यामुळे त्याचे नियम साफ चुकले असले तरी वरचे पाचही आकडे बिनचूक येऊ शकतात! म्हणून प्रोग्रामर ‘किवीपीट’ नावाची मुद्दाम गुंतागुंतीची स्थितीही तपासतात. तिथे दोन्ही राजांना किल्लेकोट खुला असतो आणि आकडे येतात ४८, २,०३९ आणि ९७,८६२. ‘चाचणी पास झाली’ आणि ‘प्रोग्राम बरोबर आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्वच्छपणे शिकवणारा सराव क्वचितच मिळेल.

तेव्हा मोबाइल हिसकावून घेऊ नका. चिरंजीवांपुढे दोन अटी ठेवा. आठवड्यातून एक तरी लांब डाव नोंद ठेवून खेळायचा आणि इंजिन न लावता तपासायचा. आणि येत्या सुट्टीत चाली काढणारा प्रोग्राम स्वतः लिहायचा. किवीपीटच्या तिसऱ्या पायरीला पडद्यावर ९७,८६२ हा आकडा आला, तर त्याचे म्हणणे खुशाल मान्य करा. तोवर रात्रीचे डाव ही निव्वळ करमणूक समजा; तिला तेवढाच वेळ द्यावा.