निबल्समध्ये पार्श्वसंगीत : काय करावे, काय टाळावे

1991 साली एमएस-डॉस 5 सोबत क्यूबेसिक आलं आणि त्यात निबल्स हा सापाचा खेळ आयताच मिळाला. त्याचा सगळा कोड उघडा होता, म्हणून कितीतरी मुलं तो वाचून प्रोग्रॅमिंग शिकली. सुरुवातीला छोटी धून, साप आकडा गिळतो तेव्हा एक आवाज, आपटतो तेव्हा दुसरा. बाकी सगळी शांतता. पवनारमध्ये घरातल्या जुन्या पीसीवर किंवा आजच्या संगणकावर डॉसचे खेळ चालवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये ज्यांना या शांततेत धून भरायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. धून खेळाच्या मागून चालावी, त्याच्या वाटेत येऊ नये. बाकीच्या सूचना त्यासाठीच आहेत.

काय करावे

• आधी मूळ फाइलची प्रत वेगळ्या नावानं ठेवा. दर काही ओळींनंतर सेव्ह करा. क्यूबेसिक स्वतःहून काही जपून ठेवत नाही, आणि आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही.

• 'प्ले' आज्ञेतल्या स्वरांआधी 'एमबी' ही अक्षरं लिहा. पार्श्वभूमीत वाजवण्याची ही खूण लागू नसेल तर स्वर संपेपर्यंत साप जागीच थिजतो.

• 'ऑन प्ले' वापरा. पार्श्वभूमीच्या रांगेत जास्तीत जास्त 32 स्वर मावतात. रांग ठरावीक आकड्याखाली गेली की प्रोग्रॅम तुम्ही लिहिलेल्या सबरूटीनकडे वळतो आणि तिथं पुढचे स्वर भरता येतात. हे सबरूटीन मुख्य भागातच लिहावं लागतं, 'सब'च्या आत चालत नाही. आणखी एक अट सहज विसरली जाते: रांग त्या आकड्यावरून खाली उतरतानाच हा इशारा मिळतो. म्हणून 'प्ले ऑन' लिहून हा इशारा चालू केल्यावर स्वरांची पहिली ओळ स्वतः वाजवा आणि तिच्यात त्या आकड्यापेक्षा जास्त स्वर ठेवा. नाहीतर धून सुरूच होणार नाही.

• एका वेळी चारच स्वर भरा. सगळी गंमत इथेच बिघडते, म्हणून हिशेब मांडतो. टी 120 लयीत एल 8 लांबीचा एक स्वर पाव सेकंद चालतो. रांगेत 32 स्वर असतील तर आकडा गिळल्याचा आवाज त्यांच्या मागे उभा राहतो आणि आठ सेकंदांनी वाजतो. तोवर साप पुढच्या भिंतीपाशी पोचलेला असतो. 'ऑन प्ले'चा आकडा 2 ठेवून चार-चार स्वर भरले तर उशीर फार तर सव्वा सेकंद. एल 16 घेतलं तर त्याच्याही निम्मा.

• प्रत्येक चरणाच्या सुरुवातीला लय, सप्तक आणि स्वराची लांबी पुन्हा लिहा. खेळाचे स्वतःचे आवाज सप्तक आणि लांबी बदलून जातात. तुम्ही परत सांगितलं नाही तर पहिला आकडा गिळल्यावर धून भलत्याच सप्तकात धावू लागते.

• भूप घ्या. सा रे ग प ध, म्हणजे सी डी ई जी ए. पाचही स्वर शुद्ध, आणि पीसी स्पीकर एका वेळी एकच स्वर काढतो, त्याला ही सुटी, स्वच्छ चाल शोभते. मधे 'पी' लिहून विश्रांती द्या. या स्पीकरचा आवाज प्रोग्रॅममधून लहान करता येत नाही, म्हणून कानाला उसंत विरामांतूनच मिळते.

• संगीत बंद करायची एक कळ ठेवा. पुन्हा सुरू करताना पहिली ओळ पुन्हा वाजवायला विसरू नका, कारण मधल्या वेळात रांग रिकामी झालेली असते.

काय टाळावे

• लय जमत नाही म्हणून डॉसबॉक्सचे सायकल्स बदलू नका. त्यानं सापाचा वेग बदलेल. स्वरांची लय घड्याळावर चालते, ती 'टी'नंच बदला.

• मींडेवर उभी असलेली चाल घेऊ नका. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं 'प्ले'ला येत नाही. तिथं तुटके ठोके ऐकू येतात आणि चालीची दुर्दशा होते.

• चित्रपटगीत नको. आपल्या कायद्यात रचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. संगीतज्ञ भातखंडे 1936 साली गेले, त्यांच्या स्वतःच्या रचना मोकळ्या आहेत. आपली स्वतःची चाल बांधली तर उत्तमच.

• पवनारच्या धाम नदीच्या खडकांवरून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज पीसी स्पीकरमधून काढायचा हट्ट धरू नका. तो हवाच असेल तर खेळ पायथनच्या पायगेममध्ये नव्यानं लिहा आणि ध्वनिमुद्रण ऑग फाइलमध्ये ठेवा. एमपी3 च्या टोकांना बारीक रिकामी जागा राहते, ती प्रत्येक फेरीला खटकते.

• पवनारच्या ब्रह्मविद्या मंदिरातली प्रार्थना ध्वनिमुद्रित करून खेळात घालू नका. विनोबांनी 1959 साली स्थापन केलेल्या या आश्रमात स्त्रियांची सामूहिक साधना आजही चालते. साप भिंतीवर आपटत असताना मागे वाजवण्यासारखे ते स्वर नाहीत. नदीकाठचं पाणी, पाखरं ध्वनिमुद्रित करायलाही आश्रमाच्या आवारात जाणार असाल तर आधी विचारा.

• सगळा निबल्स आपल्या नावानं वाटू नका. त्याचे हक्क मायक्रोसॉफ्टचे आहेत. तुम्ही लिहिलेल्या ओळी तेवढ्या द्या, त्या कुठं घालायच्या ते मराठीत लिहा, आणि आळीतल्या एखाद्या मुलीला शेजारी बसवून तिच्याच हातानं त्या टाइप करू द्या.