घरातील जुनी बंदूक : वारसा, छंद आणि कायदा

हावडा-नागपूर लोहमार्गावरील भंडारा रोड स्थानकाचे गाव म्हणजे मोहाडी तालुक्यातील वरठी. पोलाद कारखान्यामुळे या गावाचे नाव जिल्ह्याबाहेरही परिचित झाले आहे. लोखंडाला या परिसरात किंमत आहे आणि मोडीच्या लोखंडालाही आहे. मोडीच्या तराजूत फुटका पोहरा, झिजलेला फाळ आणि तुटलेली कडी यांचे मोल वजनावर ठरते. परंतु जुन्या वाड्याची आवराआवर करताना माळ्यावरून एखादी गंजलेली बंदूक खाली आली, तर तिचे मोल कशावर ठरवावयाचे? वजनावर, वयावर, की तिच्यामागील इतिहासावर?

अशा प्रसंगी कुटुंबासमोर बहुधा तीन मार्ग दिसतात. बंदूक भंगारात द्यावी, कोणा हौशी ग्राहकाला विकावी किंवा होती तेथेच ठेवून तिचा विषय काढू नये. हे तिन्ही मार्ग सोपे वाटतात. पण पुरेशी माहिती न घेता त्यांपैकी कोणताही पत्करणे हिताचे नाही. जुनी बंदूक म्हणजे निरुपद्रवी वस्तू नव्हे, तसेच ती निव्वळ भंगारही नव्हे. शस्त्राची नोंद असेल तर तो वारसा ठरतो. नोंद नसेल तर तेच शस्त्र घराला संकटात टाकू शकते. गावपातळीवर काम करणारे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्याकडे लोक सल्ल्यासाठी येतात. म्हणून या विषयाची मूलभूत माहिती त्यांना असणे अगत्याचे आहे.

बंदुकीच्या पिढ्या

हाती आलेली बंदूक कोणत्या काळातील असावी, याचा प्राथमिक अंदाज तिच्या रचनेवरून बांधता येतो. सर्वांत जुनी पिढी तोड्याच्या बंदुकीची. हिच्यात पेटती जामगी, म्हणजे सोऱ्यात भिजविलेल्या सुताची वात, रंजकाला टेकविली जाई आणि नळीतील दारू काढलेल्या छिद्रातून, म्हणजे कान्यातून, पेट घेई. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजांबरोबर या धर्तीच्या बंदुका पश्चिम किनाऱ्यावर आल्या आणि गोव्यातील कारागिरांनी त्या बनविण्यात लौकर प्रावीण्य मिळविले. दुसरी पिढी चकमकीच्या बंदुकीची. चकमक पोलादावर आपटून ठिणगी पडते, अशी तिची योजना. तिसरी पिढी टोपीच्या बंदुकीची. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्फोटक द्रव्य भरलेल्या तांब्याच्या लहान टोपीचा वापर रूढ झाला आणि पावसात रंजक भिजण्याची अडचण बरीचशी दूर झाली.

या तिन्ही पिढ्यांत दारू व गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासावी लागे. त्यामुळे आपल्याकडे त्यांना सरसकट ठासणीची बंदूक म्हणतात. पुढे मागील बाजूने काडतूस भरण्याची पद्धत आली आणि ठासणीची बंदूक सैन्यातून हद्दपार झाली. खेड्यातून मात्र ती गेली नाही. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी तिचा उपयोग चालूच राहिला. शस्त्र अधिनियमातही खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. म्हणूनच बंदूक ठासणीची आहे एवढ्यावरून ती शंभर वर्षांची आहे, असे अनुमान काढता येत नाही. धाटणी जुनी आणि घडण अलीकडची, असेही असू शकते.

ही शस्त्रे गावात कोठून आली?

भंडारा जिल्ह्याचा प्रदेश गोंड राजांच्या आणि त्यानंतर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. आंबागड, पवनी व सानगडी येथील किल्ले त्या काळाची साक्ष देतात. नोव्हेंबर १८१७ मधील सीताबर्डीच्या लढाईनंतर भोसल्यांची सत्ता दुबळी झाली आणि १८५४ मध्ये त्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांवर परवान्याचे बंधन घातले, युरोपियनांना मात्र त्यातून मोकळे ठेवले. पुढे मालगुजारीच्या काळात शिकार आणि प्रतिष्ठा या दोन्ही कारणांनी बंदुका बाळगल्या गेल्या.

मध्यप्रांतातील मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपुष्टात आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीवर कडक निर्बंध आणले आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही बंद केली. अशा रीतीने दोन पिढ्यांच्या अवधीत बंदुकीचे प्रयोजन गेले, पण बंदूक घरातच राहिली. ज्यांच्या नावे परवाना होता ते वारले. पुढच्या पिढीला शस्त्र मिळाले, कागद मिळालेच असे नाही. आजच्या बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे.

छंद आणि त्याचे सामाजिक मोल

जुन्या शस्त्रांचा संग्रह हा जगभर रूढ असलेला छंद आहे. संग्राहक नळीवरील जौहर, दस्त्यावरील जडावाचे काम, कारखान्याची मुद्रा, क्रमांक आणि कोरीव लेख पाहतो. शस्त्र कोणाकडून कोणाकडे आले, याचा पुरावा असेल तर त्याचे मोल अनेक पटींनी वाढते.

महाराष्ट्रात व्यक्तिगत छंदातून सार्वजनिक ठेवा कसा उभा राहतो, याचे उत्तम उदाहरण पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय होय. दिनकर गंगाधर केळकर यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये, शस्त्रे अशा नित्याच्या वापरातील वस्तू जमविल्या आणि १९७५ मध्ये तो संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयालाही टाटा बंधूंच्या खाजगी संग्रहाचा मोठा लाभ झाला आहे. विदर्भापुरते बोलावयाचे तर १८६३ मध्ये स्थापन झालेले आणि ‘अजब बंगला’ या नावाने सर्वपरिचित असलेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय आपल्या जवळ आहे. तेथील शस्त्रदालन शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावे.

नोंदीचे महत्त्व नुकत्याच घडलेल्या एका घटनेने स्पष्ट केले. नागपूरच्या भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी भोसले यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडन येथे लिलावास निघाली. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपये खर्चून मिळविली आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईत आणण्यात आली. त्या तलवारीवर रघूजींचे नाव देवनागरीत सोन्याने लिहिलेले आहे. त्या लेखामुळेच ती ओळखू आली. खेड्यातील बंदुकीवर असा सुवर्णलेख नसतो. तिची ओळख घरातील वृद्धांच्या स्मरणात आणि ट्रंकेतील जुन्या परवान्यात असते. ती एकदा पुसली गेली की कितीही पैसे मोजून परत मिळत नाही.

कायदा काय सांगतो?

सध्याचा शस्त्र अधिनियम १९५९ चा असून तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याखालील सध्याचे नियम २०१६ चे आहेत. अग्निशस्त्र बाळगण्यास परवाना हवा, हा सर्वसाधारण नियम आहे. विनापरवाना बाळगणे हा गुन्हा असून त्यास कारावासाची शिक्षा आहे.

या नियमाला कलम ४५ मध्ये एक महत्त्वाचा अपवाद आहे. जुन्या धाटणीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा नादुरुस्त शस्त्र अग्निशस्त्र म्हणून वापरण्याजोगे नसेल, तर त्यास अधिनियमाच्या तरतुदी लागू होत नाहीत. मात्र ‘दुरुस्ती करून किंवा न करताही’ ते वापरता येऊ नये, अशी अट त्याच कलमात आहे आणि ती नीट लक्षात घेतली पाहिजे. घोडा मोडला आहे, चाप अडकला आहे किंवा नळीवर गंज चढला आहे, एवढ्याने शस्त्र निरुपयोगी ठरत नाही. कारण लोहार किंवा बंदूकसाज ते दुरुस्त करू शकतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेली बंदूक सामान्यतः पुराणशस्त्र समजली जाते. आपल्या कलम ४५ चा भर वर्षावर नसून वापरक्षमतेवर आहे. शस्त्राचे वय मोजून मालकाने स्वतःच निर्णय घेऊ नये, तो यासाठी.

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. कुतूहलवस्तू या वर्गात मोडणारी लहान शस्त्रे मिळविण्यास किंवा बाळगण्यास भारतीय नागरिकाला परवान्याची गरज नाही. परंतु ती वापरावयाची, जवळ घेऊन फिरावयाची किंवा एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यावयाची असतील तर परवाना आवश्यक आहे. आपले शस्त्र या वर्गात बसते किंवा कसे, याचा खुलासा परवाना प्राधिकाऱ्याकडून, म्हणजे सामान्यतः जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून, लेखी घ्यावा.

डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकास बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. वारशाने मिळणाऱ्या शस्त्रासही ही मर्यादा लागू आहे. परवानाधारक वारल्यास किंवा परवान्याची मुदत संपल्यास शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. जमा करणे म्हणजे मालकी सोडणे नव्हे. परवानाधारकाच्या पश्चात कायदेशीर वारसास आपल्या नावे परवाना मागता येतो. तसेच धारकाने वयाची सत्तर वर्षे पूर्ण केल्यावर किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, त्याने नामनिर्देशित केलेल्या वारसास अर्ज करता येतो. ही तरतूद माहीत नसल्याने भीतीपोटी बंदूक लपविली जाते आणि कायदेशीर वारसा बेकायदेशीर होऊन बसतो.

खरेदी-विक्रीतील दक्षता

शस्त्रांचा व्यापार करण्यास स्वतंत्र परवाना लागतो. खाजगी वापरासाठी कायदेशीररीत्या बाळगलेले शस्त्र मालकास विकता येते. पण घेणारा ते बाळगण्यास पात्र असला पाहिजे. परवान्याच्या शस्त्राबाबत विक्रीचा इरादा आणि घेणाऱ्याचे नाव व पत्ता जिल्हादंडाधिकारी किंवा नजीकचे पोलीस ठाणे यांना लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. ‘जुनीच आहे, कागद कशाला?’ असे म्हणणारा ग्राहक घराशी आला तर त्यास नकार देणेच श्रेयस्कर. असा व्यवहार उघडकीस आल्यास विकणाराही सुटत नाही.

शस्त्र शंभर वर्षांहून जुने असेल तर पुराणवस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ याचाही विचार करावा लागतो. हा अधिनियम ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आहे. पुराणवस्तूंचा व्यापार करणाऱ्यास त्याखाली परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीस पुराणवस्तू देशाबाहेर पाठविता येत नाही. परदेशी ग्राहकाच्या आमिषाला बळी पडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

शेत नांगरताना, विहीर खणताना किंवा भिंत पाडताना पुरलेले शस्त्र सापडल्यास ते आपले असे समजू नये. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. ग्रामपंचायतीने अशा वेळी पुढाकार घेऊन सापडणाऱ्यास अर्ज लिहून देण्यास साहाय्य करावे.

प्रथम सुरक्षितता

ठासणीच्या बंदुकीत भरलेला बार बाहेरून दिसत नाही. रात्री रानडुकरांसाठी भरून ठेवलेली आणि न उडविता भिंतीला टेकविलेली बंदूक तशीच माळ्यावर गेलेली असू शकते. काळी दारू कोरडी राहिल्यास वर्षानुवर्षे जोर धरून राहते. म्हणून प्रत्येक जुनी बंदूक भरलेली आहे असे समजूनच वागावे. नळीत डोकावू नये, घोडा ओढून पाहू नये, तिला आचेजवळ ठेवू नये. मुलांना हात लावू देऊ नये. नळी रिकामी आहे की नाही, हे जाणकार गजाने खोली मोजून ठरवितो. ते काम त्याच्यावरच सोपवावे. बंदूक खांद्यावर टाकून ठाण्यात जाण्यापेक्षा प्रथम लेखी कळवावे आणि पोलिसांच्या सूचनेप्रमाणे वागावे.

गंज काढण्यासाठी वाळूचा कागद किंवा आम्ल वापरू नये. त्यामुळे मुद्रा, क्रमांक आणि लेख नाहीसे होतात आणि शस्त्राची ओळखच पुसली जाते.

पंचायत आणि शाळा काय करू शकतील?

अशा वस्तूची एक पानाची टिपण करून ठेवणे, हे सर्वांत उपयुक्त आणि बिनखर्चाचे काम आहे. बंदूक कोणत्या धर्तीची आहे, तिची लांबी किती, तिच्यावर कोणती अक्षरे व अंक आहेत, ती घरात कोणाच्या वेळी व कशी आली, तिच्याविषयी घरात कोणत्या आठवणी सांगितल्या जातात आणि कोणते कागद उपलब्ध आहेत, एवढे लिहून कुटुंबाच्या जबाबदार व्यक्तीची स्वाक्षरी घ्यावी. छायाचित्र जोडल्यास उत्तम. हे टिपण परवान्याच्या अर्जास उपयोगी पडते आणि वस्तू संग्रहालयास भेट दिल्यास तिच्याबरोबर तिचा इतिहासही जातो. भेट देताना देणाऱ्याच्या नावाची नोंद आणि पोच अवश्य मागावी. शस्त्र कोणाच्या घरी आहे याचा बोभाटा मात्र होऊ देऊ नये. चोरीचे भय असते.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून वृद्धांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. मालगुजारी, शिकार, पीकराखण यांविषयीची ती माहिती म्हणजे गावाचा इतिहासच होय. विद्यार्थ्यांचे काम आठवणींपुरते असावे, शस्त्र हाताळण्याचे नव्हे.

पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत एवढे जरी सांगितले की, बंदूक लपवू नका, परस्पर विकू नका आणि मोडीतही घालू नका, प्रथम लेखी कळवा, तरी पुष्कळ साधेल. ज्या घरातील परवानाधारक वारले आहेत, तेथे हा निरोप आधी पोचला पाहिजे. कारण त्या घरातील विधवा किंवा मुले नकळत कायद्याच्या कक्षेत सापडण्याचा संभव अधिक असतो. वेळेवर केलेला एक साधा अर्ज त्यांना त्या चिंतेतून मोकळे करू शकतो.