रोमचे ग्रॅक्कस बंधू

(इटलीतील रोम शहरात सुमारे एकवीसशे वर्षांपूर्वी टायबेरियस आणि गायस हे दोन भाऊ होऊन गेले. गरीब शेतकऱ्यांना जमीन मिळावी म्हणून त्यांनी कायदे केले. त्यांना कोणी विरोध केला, का केला आणि त्याचा शेवट काय झाला, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, 'रूम' हे नाव तुम्ही उर्दू पुस्तकांत वाचले असेल. ते कॉन्स्टँटिनोपलचे, म्हणजे आजच्या इस्तंबूलचे राज्य. त्याचे मूळ मात्र इटलीतील रोम शहरात होते. आपली गोष्ट त्या मूळ शहराची आहे आणि ती फार जुन्या काळातली आहे. तेव्हा रोममध्ये राजाही नव्हता आणि बादशहाही नव्हता.

इ.स.पू. ५०९ मध्ये आपण शेवटच्या राजाला हाकलून दिले, असे रोमी लोक सांगत. त्यानंतर ते दरवर्षी दोन कॉन्सल निवडू लागले. कॉन्सल राज्याचा कारभार पाहत आणि युद्धात फौजेचे नेतृत्व करत. एकाच माणसाच्या हाती सगळी सत्ता जाऊ नये, म्हणून दोन कॉन्सल. कायदे मंजूर करण्याचा हक्क नागरिकांच्या जनसभेला होता. त्याशिवाय सुमारे ३०० सभासदांचे सिनेट होते. 'सिनेट' हा शब्द लॅटिन भाषेतल्या 'म्हातारा' या अर्थाच्या शब्दापासून आला. आपल्या विद्यापीठांतही सिनेट असते, ते याच नावाचे. रोमचे सिनेट फक्त सल्ला देई. पण सिनेटर श्रीमंत आणि जुन्या घराण्यांतले असत. त्यांचा सल्ला डावलण्याची हिंमत सहसा कोणी करत नसे.

सामान्य लोकांचे रक्षण करण्यासाठी दहा ट्रिब्यून निवडले जात. ट्रिब्यूनच्या घराचे दार रात्रंदिवस उघडे असावे, असा नियम होता. त्याच्या अंगावर हात टाकणे हा भयंकर गुन्हा मानला जाई. कोणत्याही अधिकाऱ्याचे काम तो एका शब्दाने थांबवू शकत असे. 'व्हेटो' हा तो शब्द. त्याचा अर्थ 'मी मनाई करतो'. मात्र दहांपैकी एका ट्रिब्यूनने आपल्याच सोबत्याला मनाई केली, तर त्याचेही काम अडत असे. हा नियम नीट लक्षात ठेवा. पुढचे सगळे भांडण त्यातूनच निघाले.

टायबेरियस आणि गायस हे काही गरिबांच्या घरात जन्मले नव्हते. त्यांचे वडील दोनदा कॉन्सल झाले होते. आई कॉर्नेलिया ही सेनापती सिपिओची मुलगी. कार्थेजच्या हॅनिबलला इ.स.पू. २०२ मध्ये झामा येथे हरवणारा तो हाच सिपिओ. कॉर्नेलियाला बारा मुले झाली, पण तीनच जगली : हे दोन मुलगे आणि एक मुलगी. नवरा वारल्यावर इजिप्तच्या राजाने तिला मागणी घातली. तिने ती नाकारली आणि मुलांच्या शिक्षणात आपले आयुष्य घालवले. एकदा एक श्रीमंत बाई तिला आपले दागिने दाखवत होती. कॉर्नेलियाने मुले शाळेतून परत येईपर्यंत तिला बोलण्यात गुंतवले. मुले आल्यावर ती म्हणाली, की माझे दागिने हेच. ही गोष्ट रोमी लोक पिढ्यानपिढ्या सांगत आले.

आता जमिनीचा प्रश्न पाहू. रोमने इटलीतील एकेक प्रदेश जिंकला, तेव्हा पुष्कळ जमीन सरकारी झाली. ती नागरिकांना कसायला मिळे. एका माणसाने ५०० युगेरा, म्हणजे साधारण ३१० एकरांपेक्षा जास्त सरकारी जमीन ठेवू नये, असा जुना कायदा होता. पण तो पाळतो कोण? श्रीमंत लोक दुसऱ्याच्या नावावर जमिनी घेत आणि पुढे तर उघडपणे स्वतःच्याच नावावर ठेवू लागले. दुसरीकडे लहान शेतकरी फौजेत भरती होऊन स्पेनसारख्या दूरच्या देशात वर्षानुवर्षे लढत असे. घरी बायकामुलांना शेत सांभाळणे जड जाई. शेवटी ते शेत शेजारच्या बड्या मालकाकडे जाई. त्या मालकाला मजूर लागत नसत, कारण युद्धात पकडून आणलेले गुलाम स्वस्तात मिळत. म्हणजे शेतकऱ्याने लढून पकडलेला गुलामच त्याच्या शेतावर राबू लागला आणि शेतकरी बेकार होऊन शहरात आला. हे चित्र सगळीकडे सारखे नव्हते. अलीकडच्या संशोधनावरून दिसते, की इटलीच्या काही भागांत लहान शेते टिकून होती. पण तक्रार खरी होती.

तिच्यात राज्याचाही धोका होता. ज्याच्याकडे थोडीफार मालमत्ता आहे, त्यालाच तेव्हा सैनिक होता येई. जमीन गेली की शिपाई गेला. शिवाय इ.स.पू. १३५ मध्ये सिसिली बेटावर गुलामांनी मोठे बंड केले. ते मोडायला तीन वर्षे लागली.

इ.स.पू. १३३ मध्ये टायबेरियस ट्रिब्यून झाला. त्याचे वय तेव्हा तीसच्या आतच होते. त्याने मांडलेला कायदा फारसा कडक नव्हता. जुनी ५०० युगेरांची मर्यादा पाळावी, मुलांसाठी आणखी काही जमीन ठेवू द्यावी, आणि उरलेली सरकारी जमीन तीन माणसांच्या समितीने गरीब नागरिकांना वाटावी, एवढेच त्यात होते. कोणाच्या खाजगी जमिनीला त्यात हात लावलेला नव्हता. तो भाषणात सांगे, की रानातल्या जनावरालाही राहायला गुहा असते. पण इटलीसाठी मरणाऱ्या शिपायाजवळ हवा आणि उजेड याशिवाय काही नाही. ते ऐकायला खेड्यापाड्यांतून माणसे रोमला आली.

मतदानाच्या दिवशी मार्कस ऑक्टेव्हियस नावाचा दुसरा ट्रिब्यून उठला आणि त्याने मनाई केली. तो टायबेरियसचा मित्र होता. वर्गात हा भाग शिकवताना मुले हमखास विचारतात, की मित्र असून त्याने असे का केले? प्लूटार्क नावाच्या ग्रीक लेखकाने टायबेरियसचे चरित्र लिहिले आहे. तो सांगतो, की ऑक्टेव्हियसकडेही पुष्कळ सरकारी जमीन होती. टायबेरियस त्याला म्हणाला, की तुझे नुकसान मी माझ्या पदरचे पैसे देऊन भरून काढतो. ऑक्टेव्हियसने ऐकले नाही.

तेव्हा टायबेरियसने रोममध्ये कधी झाली नव्हती अशी गोष्ट केली. लोकांच्या विरुद्ध वागणारा माणूस लोकांचा ट्रिब्यून राहू शकतो का, असा प्रश्न त्याने जनसभेपुढे ठेवला. नागरिकांचे ३५ गट होते. एकेका गटाचे मत मोजले जाऊ लागले. १७ गटांनी ऑक्टेव्हियसला काढण्याच्या बाजूने मत दिले. आणखी एक मत पडले की झाले! टायबेरियसने मोजणी थांबवली. सर्वांच्या देखत त्याने ऑक्टेव्हियसला मिठी मारली आणि हट्ट सोडण्याची विनंती केली. ऑक्टेव्हियसचे डोळे भरून आले. तो बराच वेळ गप्प उभा राहिला. मग त्याची नजर एका बाजूला घोळका करून उभ्या असलेल्या श्रीमंतांकडे गेली आणि तो म्हणाला, की तुला काय करायचे ते कर. अठराव्या गटाचे मत पडले. त्याला मंचावरून ओढून काढले गेले.

कायदा मंजूर झाला. पण येथे थांबून विचार करा. ट्रिब्यूनला बहुमताने काढता येते, तर उद्या श्रीमंतही गरिबांच्या ट्रिब्यूनला असेच काढू शकतील. मला टायबेरियसचा कायदा न्यायाचा वाटतो. ऑक्टेव्हियसला काढण्याची रीत मात्र धोक्याची वाटते. तरीही दुसरा कोणता मार्ग त्याच्यापुढे होता, हे सांगणे सोपे नाही. एका माणसाची मनाई शांतपणे कशी सोडवावी, याची तरतूद रोमच्या कायद्यात नव्हतीच.

सिनेटने समितीला खर्चासाठी अगदी क्षुल्लक भत्ता दिला. त्याच वर्षी पर्गममचा राजा अट्टालस वारला आणि त्याने आपले राज्य रोमच्या लोकांच्या नावे करून ठेवल्याचे कळले. त्याच्या खजिन्यातून नव्या शेतकऱ्यांना अवजारे घेऊन द्यावीत, असे टायबेरियसने सुचवले. पैसा आणि परराज्य हे विषय सिनेटचे मानले जात. सिनेटर खवळले. आपली मुदत संपली की आपल्याला कोर्टात खेचतील, या भीतीने टायबेरियस पुन्हा निवडणुकीला उभा राहिला. गर्दीत आवाज ऐकू जाईना, तेव्हा जीव धोक्यात आहे हे दाखवण्यासाठी त्याने डोक्याला हात लावला. विरोधकांनी सिनेटमध्ये जाऊन सांगितले, की तो मुकुट मागतो आहे!

कॉन्सल स्केव्होला म्हणाला, की चौकशीशिवाय मी कोणा नागरिकाला मारणार नाही. तेव्हा सिपिओ नासिका उठला. (लॅटिनमधल्या 'नासिका' या नावाचा अर्थ 'टोकदार नाकाचा'. मराठीतली 'नासिका' आणि हा शब्द एकाच मुळाचे आहेत.) हा नासिका टायबेरियसचा सख्खा मावसभाऊ होता. तो सिनेटरांना घेऊन बाहेर पडला. बाकांचे मोडके पाय आणि सोटे हाती घेऊन ते जमावावर तुटून पडले. टायबेरियस आणि त्याचे तीनशेहून जास्त साथीदार मारले गेले. गायसने भावाचे प्रेत मागितले; ते दिले नाही. सगळी प्रेते रात्री टायबर नदीत टाकण्यात आली. कायद्याचे रक्षण करतो म्हणणाऱ्यांनीच ट्रिब्यूनच्या अंगावर हात टाकला होता.

गंमत अशी, की कायदा रद्द झाला नाही. समिती काम करत राहिली. तिने रोवलेले सीमेचे दगड, त्यांवर समितीच्या सभासदांची नावे कोरलेली, आजही इटलीत सापडले आहेत.

दहा वर्षांनी, इ.स.पू. १२३ मध्ये, गायस ट्रिब्यून झाला. तो भावापेक्षा नऊ वर्षांनी लहान आणि स्वभावाने तापट. भाषण करताना त्याचा आवाज फार चढे. म्हणून त्याच्या मागे एक नोकर छोटी बासरी घेऊन उभा राही आणि मऊ सूर वाजवून त्याला भानावर आणी. पूर्वीचे वक्ते सिनेटकडे तोंड करून बोलत. गायस लोकांकडे वळून बोलू लागला. नुसते तोंड फिरवले, पण सत्ता कोणाची हे त्यात दिसले.

त्याने पुष्कळ कायदे केले. गहू ठरलेल्या स्वस्त भावाने नागरिकांना मिळू लागला. शिपायाचे कपडे सरकारने द्यावेत, सतरा वर्षांखालच्या मुलाला भरती करू नये, असे ठरले. रस्ते बांधले गेले. लाचखाऊ सुभेदारांचे खटले सिनेटरांच्या हातून काढून दुसऱ्या वर्गाकडे दिले. पिसो नावाच्या एका सिनेटरने गव्हाच्या कायद्याला कडाडून विरोध केला होता. पुढे तोच गहू घ्यायला रांगेत उभा दिसला. गायसने कारण विचारले. माझा माल वाटूच नये असे मला वाटते, पण वाटतोच आहेस तर माझा वाटा मी घेणार, अशा अर्थाचे उत्तर पिसोने दिले.

मग गायसने इटलीतील लॅटिन लोकांना रोमचे पूर्ण नागरिक करावे, असा कायदा मांडला. ते रोमच्या बाजूने लढत, पण त्यांना पूर्ण नागरिकत्व नव्हते. येथे रोमच्या गरिबांनीच त्याची साथ सोडली. नवे नागरिक आले तर खेळांच्या तमाशात आणि सभेत आपल्याला जागा उरणार नाही, असे त्यांना सांगितले गेले आणि ते त्यांना पटले. आपल्याला मिळालेला हक्क दुसऱ्यालाही द्यावा, हे त्या लोकांना जमले नाही. गुलामांचा तर प्रश्नच कोणी काढला नाही. दोघा भावांनीही नाही.

गायस तिसऱ्यांदा निवडून आला नाही. इ.स.पू. १२१ मध्ये कॉन्सल ओपिमियसच्या एका नोकराला गायसच्या माणसांनी मारले. गायस त्यांच्यावर संतापला. पण शत्रूला हवे ते निमित्त मिळाले. राज्य वाचवण्यासाठी कॉन्सलने वाटेल ते करावे, असा ठराव सिनेटने पहिल्यांदाच केला. सुमारे ३,००० माणसे मारली गेली. गायस नदीवरच्या लाकडी पुलावरून पळाला आणि पलीकडच्या राईत आपल्या गुलामाच्या हातून त्याने मरण पत्करले. त्याच्या डोक्याइतके सोने देण्याची दवंडी होती. ते आणणाऱ्याने वजन वाढावे म्हणून आत शिसे भरले, असे प्लूटार्क लिहितो. यानंतर ओपिमियसने शहरात एक देऊळ बांधले. ते एकोप्याच्या देवीचे होते!

इटलीच्या लोकांना नागरिकत्व मिळाले, पण त्यासाठी त्यांना इ.स.पू. ९१ मध्ये रोमविरुद्ध शस्त्र उचलावे लागले.

कॉर्नेलिया समुद्रकाठी मिसेनम येथे राहायला गेली. तिच्याकडे विद्वान येत. ती त्यांना आपल्या वडिलांच्या आणि मुलांच्या हकिकती डोळ्यांत पाणी न आणता सांगे, जणू त्या फार जुन्या काळातल्या माणसांच्या असाव्यात. रोमच्या लोकांनी पुढे तिचा पुतळा उभारला. पुतळा आज नाही. त्याखालचा दगड १८७८ मध्ये सापडला. त्यावर तिचे नाव आहे, आणि ती कोणाची मुलगी व कोणाची आई, एवढेच कोरलेले आहे.

शब्दार्थ : डावलणे – न मानणे, बाजूला सारणे. कसणे – शेती करणे. सोटा – जाड काठी. क्षुल्लक – अगदी थोडे. दवंडी – ढोल वाजवून केलेली जाहीर सूचना. राई – दाट झाडी.

स्वाध्याय
१. रोममध्ये दोन कॉन्सल का निवडत?
२. लहान शेतकऱ्याची जमीन त्याच्या हातून कशी गेली, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. सतरा मते पडल्यावर टायबेरियसने मोजणी का थांबवली असेल?
४. ऑक्टेव्हियसला काढणे योग्य होते का? वर्गात दोन गट करून चर्चा करा.
५. हक्क, फौज, खजिना, मुदत, हुकूम हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा आणि वाक्यांत वापरा.